पुण्याच्या उन्हाळ्यात काँक्रीट घट्ट का होतं? आणि त्यात पाणी का ओतायचं नाही?

मोबाइल उन्हात तापला की काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. स्क्रीन मंद होते, गेम अडकायला लागतो, चार्जिंग थांबतं. फोन स्वतःला वाचवण्यासाठी स्लो होतो. काँक्रीटचं बरोबर उलटं आहे. ते तापलं की फास्ट होतं, आणि एकदा फास्ट झालं की त्याला रीस्टार्टचं बटण नसतं.

मी पुण्यात बांधकामाच्या साइटवर काँक्रीटची क्वालिटी बघतो. गाडी आली की मालाचं तापमान घ्यायचं, स्लम्प घ्यायचा, क्यूब भरायचे, आणि मार्च ते मे या तीन महिन्यांत रोज एकाच वाक्याशी भांडायचं: "साहेब, माल घट्ट आलाय, थोडं पाणी मारू का?" मित्रही विचारतात. कुणी फ्लॅट बुक केलेला असतो, कुणाच्या बाबांनी पीएफचे पैसे काढून गावी घर काढलेलं असतं, आणि स्लॅब नेमका मे महिन्यात येतो. उन्हाळ्यात स्लॅब टाकला तर चालतो का? चालतो. पण पुण्याच्या उन्हाळ्यात काँक्रीटचं नेमकं काय होतं हे माहीत असेल, तर साइटवर उभं राहून कुठे बघायचं ते कळतं. म्हणून हा लेख.

काँक्रीट वाळत नाही, शिजतं

सगळ्यात मोठा गैरसमज इथेच आहे. काँक्रीट चिखलासारखं वाळून कडक होत नाही. सिमेंट आणि पाणी यांची रासायनिक क्रिया होते, तिला हायड्रेशन म्हणतात, आणि त्यातून तयार होणारे नवे कण वाळू-खडीला एकमेकांत बांधून टाकतात. पाण्याखालीसुद्धा काँक्रीट कडक होतं ते यामुळेच.

आता कुठलीही रासायनिक क्रिया तापमान वाढलं की वेग घेते. ढोबळ हिशेब असा, की दर १० अंशांना वेग साधारण दुप्पट होतो. डिसेंबरात २२ अंशांवर जो माल आरामात दीड-दोन तास हलवता येतो, तोच माल मे महिन्यात ३७ अंशांवर तासाभरात तोंड फिरवतो.

ओला माल किती सहज हलतो, पंपातून जातो, सळ्यांच्या जाळीत शिरतो, याला इंजिनिअर लोक वर्केबिलिटी म्हणतात. पुस्तकात 'सुकार्यता' असा शब्द आहे, तो मी साइटवर आजवर एकदाही ऐकलेला नाही. साइटवर "माल चालतोय" किंवा "माल चालत नाही" एवढंच असतं. मोजायची पद्धत मात्र मस्त सोपी आहे. ३०० मिलिमीटर उंचीचा एक लोखंडी शंकू, खाली २०० आणि वर १०० मिलिमीटर तोंडाचा. त्यात थराथराने माल भरायचा, प्रत्येक थराला सळईने २५ ठोके द्यायचे, आणि शंकू हळूच सरळ वर उचलायचा. माल खाली बसतो. जेवढा बसला तेवढा स्लम्प. १२० मिलिमीटर बसला तर स्लम्प १२०. पंपाने स्लॅबवर चढवायच्या मालाला साधारण १०० ते १५० लागतो.

उन्हाळ्यात हा आकडा गाडीतच खाली येतो. अमेरिकन संदर्भपुस्तकांत एक जुना अंदाज मिळतो: पाणी तेवढंच ठेवलं, तर मालाचं तापमान ११ अंशांनी वाढल्यावर स्लम्प साधारण २५ मिलिमीटरनी कमी मिळतो. आणि ही झाली फक्त सुरुवात. त्यानंतर रस्त्यात जाणारा वेळ वेगळा.

मुंबईत घाम वाळत नाही, स्लॅबही वाळत नाही

गंमत अशी, की आपल्या भारतीय मानकाप्रमाणे पुण्यातले बरेचसे उन्हाळी दिवस 'उष्ण हवामान' या व्याख्येत बसतच नाहीत. आयएस ७८६१ चा पहिला भाग, १९७५ सालचा, उष्ण हवामानातल्या काँक्रीटसाठी आहे. त्यात हवेचं तापमान ४० अंशांच्या वर, किंवा टाकताना मालाचं तापमान ४० च्या वर, अशी रेघ मारली आहे. पुण्यात एप्रिल-मे मध्ये पारा ३८-३९ ला रेंगाळतो, चाळिशी ओलांडतो ते मोजके दिवस. त्यामुळे काही जण बिनधास्त म्हणतात, अजून चाळीस कुठे झालेत?

मला ही रेघ पुण्यासाठी अपुरी वाटते. अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटची व्याख्या जास्त शहाणी आहे. ते एक आकडा धरत नाहीत. तापमान, कोरडी हवा, वारा आणि ऊन यांचा मिळून परिणाम बघतात. पुण्याचा खरा त्रास तिथेच आहे. आपल्याकडे एप्रिलच्या दुपारी हवेतली आर्द्रता अनेकदा २० टक्क्यांच्या खाली जाते. गॅलरीत टाकलेली जीन्स दोन तासांत कडक होते ना, तसंच.

याचं गणित तुम्ही फोनवर करू शकता. वेदर अ‍ॅप उघडा, तापमान, आर्द्रता आणि वाऱ्याचा वेग घ्या. बऱ्याच फोनमध्ये कॅल्क्युलेटर आडवा धरला की घाताचं बटण मिळतं. पॉल उनो यांनी १९९८ साली मांडलेलं सूत्र असं आहे: काँक्रीटच्या तापमानात १८ मिळवून त्याचा अडीच घात काढा. हवेच्या तापमानात १८ मिळवून त्याचाही अडीच घात काढा आणि त्याला आर्द्रतेने गुणा (१८ टक्के असेल तर ०.१८). पहिल्यातून दुसरा वजा करा. आलेल्या आकड्याला, ताशी किलोमीटरमधला वारा अधिक ४, याने गुणा. मग ५ ने गुणा आणि दहा लाखांनी भागा. उत्तर येतं ते म्हणजे एका चौरस मीटरवरून तासाला किती किलो पाणी उडून जातंय.

पुण्याची एप्रिलमधली दुपार घेऊ. हवा ३९ अंश, माल ३६ अंश, आर्द्रता १८ टक्के, वारा ताशी १२ किलोमीटर. उत्तर येतं सुमारे १.३६ किलो. आता मुंबई: हवा ३३, माल ३३, आर्द्रता ६५ टक्के, वारा तेवढाच. उत्तर ०.५२. घामाघूम मुंबईत स्लॅबचं पाणी पुण्याच्या निम्म्याहूनही कमी उडतं! एक किलोच्या वर गेलं की पृष्ठभागावर भेगा पडण्याचा धोका धरतात, म्हणजे पुणं दुपारी धोक्यात आणि मुंबई निवांत. १०० चौरस मीटरचा स्लॅब असेल तर पुण्यातल्या त्या दुपारी तासाला १३५ लिटरच्या आसपास पाणी आकाशात.

एक सावधगिरी. वेदर अ‍ॅपमधला वारा उंचावर मोजलेला असतो, स्लॅबच्या लगत तो बहुतेक वेळा कमी असतो. पण पंधराव्या मजल्यावर, आजूबाजूला काही नसताना, मी अ‍ॅपवर जास्त विश्वास ठेवतो.

काळी खडी आणि नगर रोड

पुण्याची खडी म्हणजे बेसाल्ट, आपला सह्याद्रीचा काळा पाषाण. दगड म्हणून एक नंबर. पण काळी वस्तू उन्हात किती तापते ते काळ्या बाइकच्या सीटवर बसलेल्या कुणालाही विचारा. वाघोली, मोशीकडच्या क्रशरवरून आलेली खडी प्लांटवर उघड्यावर पडलेली असेल, तर दुपारी ढिगाच्या वरच्या थराला हात लावून बघा.

दुसरं म्हणजे वाळू. नदीची वाळू आता शहरात फारशी दिसत नाही, सगळीकडे क्रश सँड. तीही त्याच बेसाल्टची. ही वाळू कोनेदार असते आणि तिच्यात भुकटी जास्त असते. नदीची वाळू गोट्यांसारखी घरंगळते, क्रश सँड एकमेकांत अडकते. म्हणून तेवढाच स्लम्प मिळवायला पाणी जास्त लागतं. त्यात ती कोरडी ठणठणीत असेल तर मालातलं पाणी स्वतःच पिते. प्लांटमधून निघताना छान दिसणारा माल रस्त्यात घट्ट होतो, त्यात केमिस्ट्रीइतकाच तहानलेल्या खडी-वाळूचाही हात असतो.

आणि रस्ता! रेडीमिक्स काँक्रीटच्या भारतीय मानकात, आयएस ४९२६ मध्ये, माल भरल्यापासून दोन तासांत गाडी रिकामी व्हावी असं आहे. सेटिंग लांबवणारं औषध घातलं असेल किंवा माल थंड केलेला असेल तर जास्त वेळ चालतो. दोन तास ऐकायला भरपूर वाटतात. पण नगर रोड, गर्दीच्या वेळी अवजड वाहनांना असलेली बंदी, साइटच्या दारात आधीच उभ्या असलेल्या दोन गाड्या, वर पंपाचा पाइप जोडायला गेलेली वीस मिनिटं, हे सगळं धरा. पुण्यात काँक्रीटचा सगळ्यात मोठा शत्रू ऊन आहे की सिग्नल, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

मेट्रोच्या उन्नत मार्गाचे मोठे तुकडे कास्टिंग यार्डात बनवून मग आणून जोडतात, त्याची कारणं वेगळी आणि बरीच आहेत. पण माझ्या डोळ्यांना त्यात पहिला फायदा हाच दिसतो, की ओला माल ट्रॅफिकमध्ये अडकत नाही. अडकलाच तर कडक झालेला तुकडा अडकतो. त्याला काय घाई!

चार बादल्यांचा हिशेब

तर गाडी पोहोचली, स्लम्प १३० हवा होता, ८० आला. पंपवाला म्हणतो पाइप जाम होईल. मुकादम म्हणतो पोरं हैराण झालीत. ड्रायव्हरच्या हातात गाडीच्या टाकीचा होज पाइप तयारच असतो.

इथे एक गोष्ट आधी सांगतो. पाणी मारणाऱ्याला चोर समजू नका. ३९ अंशांत, पायात गमबूट, हातात व्हायब्रेटर, आणि समोर न हलणारा माल. तो ओढणाऱ्या माणसाला पाणी म्हणजे सरळ सरळ सुटका आहे. पाइप जाम झाला तर तो उन्हात खोलून साफ करायचा त्यांनाच असतो. पाणी ओतलं की दोन मिनिटांत माल मऊ होतो, सगळे खूश. नुकसान दिसायला २८ दिवस लागतात, किंवा दहा वर्षं.

आकड्यांत बघू. समजा एम-३० ग्रेडचा माल आहे: एका घनमीटरला ३८० किलो सिमेंट आणि १७० लिटर पाणी. पाणी भागिले सिमेंट, ०.४५. या एका गुणोत्तरावर काँक्रीटची ताकद ठरते, हे डफ अब्राम्स या अमेरिकन अभियंत्याने १९१८ सालीच मांडून ठेवलंय. गाडीत ६ घनमीटर माल आहे. त्यात १५ लिटरच्या चार बादल्या टाकल्या, म्हणजे ६० लिटर, म्हणजे घनमीटरला १० लिटर. गुणोत्तर ०.४७ झालं. ढोबळ नियम असा, की घनमीटरला दर ५ लिटर जादा पाण्याने स्लम्प २५ मिलिमीटर वाढतो आणि ताकद चौरस मिलिमीटरला १ ते दीड न्यूटनने घटते. म्हणजे चार बादल्यांनी स्लम्प पुन्हा १३० झाला, आणि ताकद दोन-तीन न्यूटनने गेली.

तुम्ही म्हणाल, तीसमधले दोन-तीन, एवढं काय? खरंय, आणि म्हणूनच हे चालून जातं. एम-३० चं मिक्स डिझाइन करताना सरासरी ताकद ३८ च्या थोडी वर धरलेली असते. तो आठ न्यूटनचा गाळा मुद्दाम ठेवतात, कारण सिमेंट रोज सारखं येत नाही, वाळूतला ओलावा बदलतो, वजनकाटा थोडा चुकतो. पाणी मारणारा माणूस याच गाळ्यातून उचल घेत असतो. पण होज पाइपला मोजमाप नसतं. चार बादल्या म्हणता म्हणता दहा होतात, १५० लिटर, घनमीटरला २५. गुणोत्तर ०.५१. आता पाच-सात न्यूटन गेले, गाळा जवळजवळ संपला, आणि बाकीच्या चुकांना जागाच उरली नाही.

ताकद हा तरी अर्धाच मुद्दा आहे. हायड्रेशनला न लागलेलं पाणी नंतर निघून जातं आणि मागे बारीक नळ्यांचं जाळं ठेवून जातं. त्यातून पावसाळ्यात ओल येते, हवेतला कार्बन डायऑक्साइड आत शिरतो, सळ्यांभोवतीचं संरक्षण कमी होतं आणि गंज चढतो. गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीटचा पापुद्रा ढकलून देते. जुन्या इमारतींच्या गॅलऱ्यांखाली लोंबणाऱ्या लाल सळ्या तुम्ही पाहिल्या असतील.

मग घट्ट मालाचं करायचं काय? प्लांटचा माणूस साइटवर असेल तर सुपरप्लास्टिसायझरचा थोडा जादा डोस देऊन ड्रम काही मिनिटं जोरात फिरवायचा आणि परत स्लम्प घ्यायचा. हे औषध सिमेंटच्या कणांना एकमेकांपासून दूर ढकलतं. हल्ली जास्त चालणारं पीसीई तर कणांना अक्षरशः केसाळ करून टाकतं. त्यामुळे पाणी न वाढवता माल पुन्हा हलतो. डोस किती, हे आधी प्लांटवर चाचणी करून ठरलेलं हवं, साइटवर डोळ्यांनी नाही. आणि माल खरंच सेट व्हायला लागला असेल तर गाडी परत. परत पाठवलेली गाडी म्हणजे कुणाचे तरी हजारो रुपये, त्यामुळे इथे आवाज चढतात. चढू द्यात.

गूळ, साखर आणि उशीर

सेटिंग लांबवणाऱ्या औषधाला रिटार्डर म्हणतात, आणि त्यातली बरीच औषधं साखरेच्या कुळातली आहेत. साखर सिमेंटची क्रिया अडवते. सिमेंटच्या वजनाच्या अर्ध्या दहाव्या टक्क्याइतकी साखर, म्हणजे ५० किलोच्या गोणीला २५ ग्रॅम, जेमतेम सहा चमचे, सेटिंग काही तासांनी लांबवू शकते. गाडी रस्त्यात बंद पडली आणि ड्रममध्ये माल दगड व्हायची वेळ आली तर ड्रायव्हर साखरेचं पोतं ओततात, ती काही अफवा नाही. तो माल मग फेकायचाच असतो, वाचवायचा असतो तो ड्रम. घरच्या स्लॅबवर हा प्रयोग करू नका; डोस जरा चुकला तर माल दोन दिवस ओलाच राहतो, किंवा उलट लवकर आवळतो.

आपल्याकडे जुन्या चुन्याच्या बांधकामात गूळ, हिरडा, बेलफळ घालत. काही किल्ल्यांवर चुना मळायची दगडी घाणी अजून दिसते. चुन्याची केमिस्ट्री वेगळी, त्यामुळे गुळाचं कामही तंतोतंत हेच नव्हे. पण गोडाने बांधकामाचा स्वभाव बदलतो, हे आपल्या गवंड्यांना सिमेंट यायच्या कितीतरी आधी माहीत होतं.

बर्फाची जादू

माल गरम होऊच दिला नाही तर? मोठ्या कामांना हाच मार्ग घेतात. दुबईच्या ८२८ मीटरच्या बुर्ज खलिफाचं काँक्रीट उन्हाळ्यात रात्री टाकलं जायचं आणि पाण्याच्या काही भागाऐवजी बर्फ घातला जायचा.

आपल्याच एम-३० वर हिशेब करून बघू. सिमेंट ६० अंश (बल्करमधून आलेलं ताजं सिमेंट एवढं गरम सहज असतं), खडी-वाळू मिळून १८५० किलो, ३८ अंश, पाणी ३२ अंश. दगड आणि सिमेंट यांची उष्णता धरून ठेवायची ताकद पाण्याच्या साधारण ०.२२ पट. सगळ्यांची वजनानुसार सरासरी काढली की मिसळलेल्या मालाचं तापमान येतं ३९ अंशांच्या किंचित वर. म्हणजे गाडीत चढायच्या आधीच मानकाच्या रेघेला टेकलं.

आता लोकांना वाटतं, गुन्हेगार ते ६० अंशांचं सिमेंट. नाही. सिमेंट १० अंशांनी थंड केलं तर माल जेमतेम सव्वा अंश उतरतो, कारण ते फक्त ३८० किलो आहे. खडी-वाळू ५ अंशांनी थंड केली तर ३ अंश उतरतो. म्हणून खडीवर शेड टाकणं आणि हलकं पाणी शिंपडणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. पाणी ५ अंशांपर्यंत थंड करून घातलं तर ७ अंशांचा फरक. आणि १७० पैकी ६० किलो पाण्याऐवजी बर्फाचा चुरा घातला तर माल येतो थेट २९ अंशांवर! दहा अंश गायब. कारण बर्फ नुसता थंड नसतो. वितळताना एक किलो बर्फ जेवढी उष्णता खातो, तेवढ्यात ८० लिटर पाणी एका अंशाने थंड झालं असतं. फक्त बर्फ हा पाण्याच्या हिशेबातच धरायचा आणि मिसळणं संपायच्या आत तो पूर्ण वितळायला हवा. खडा राहिला तर स्लॅबमध्ये तेवढी पोकळी.

छोट्या घराच्या कामाला, जिथे मिलर मशीन आणि पाट्या टाकणारी माणसं असतात, तिथे बर्फाचा प्लांट कोण आणणार? तिथे पाण्याची टाकी सावलीत ठेवा, काळी सिंटेक्स असेल तर ओलं गोणपाट गुंडाळा, दुपारी बारा ते चार काम ठेवू नका. एवढ्यानेही बराच फरक पडतो.

रात्रीचा स्लॅब आणि शेजारचे काका

सगळं शास्त्र म्हणतं, संध्याकाळनंतर टाका. तेच सूत्र रात्रीसाठी चालवा: हवा २४, माल ३०, आर्द्रता ५० टक्के, वारा ताशी ५. उत्तर ०.४६. दुपारच्या एक तृतीयांश. सेंट्रिंगच्या लोखंडी प्लेटा आणि सळ्याही निवलेल्या असतात. दुपारी त्यांना हात लावला तर चटका बसतो, आणि तीच उष्णता मालाला लागते.

पण ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत रात्र म्हणजे १० ते ६. पंप आणि मिक्सरचा आवाज रात्रभर चालला की समोरच्या सोसायटीतले काका व्हिडिओ काढतात, आणि त्यांचं चुकत नाही. मला विचाराल तर दुपारी चारनंतर सुरू करून दहाच्या आत आवरेल एवढाच भाग एका वेळी घ्यावा, किंवा पहाटे सहाच्या ठोक्याला पहिली गाडी दारात हवी. काम तोडायची जागा आधी इंजिनिअरला विचारून ठरवा. उन्हात दोन गाड्यांमध्ये मोठं अंतर पडलं तर आधीचा थर सेट होतो, नवा त्याला चिकटत नाही, आणि ती सांधरेषा पुढे गळते. त्याला कोल्ड जॉइंट म्हणतात. सगळं गरम असताना नाव मात्र कोल्ड.

आणखी एक उलटी गोष्ट. उन्हाळ्यात टाकलेल्या मालाची पहिल्या एक-दोन दिवसांची ताकद चांगली दिसते. कॉन्ट्रॅक्टर खूश. पण घाईघाईत तयार झालेली रचना विस्कळीत असते, त्यामुळे २८ दिवसांची ताकद थंडीत टाकलेल्या त्याच मालापेक्षा कमी भरू शकते. म्हणून "उन्हाळाय, लवकर पकडतं, सेंट्रिंग लवकर खोलू" याला बळी पडू नका.

टाकून झाल्यावरचे पहिले दोन तास

कोळीष्टकासारख्या भेगा पडतात त्या याच वेळात. पृष्ठभागाची चकाकी जाते, माल अजून ओला असतो, वरचा थर आकसतो आणि तडकतो. अशा वेळी थापी मारून तोंड बंद करणं म्हणजे वरवरची मलमपट्टी. फिनिशिंग झालं रे झालं की प्लॅस्टिकचा कागद अंथरा. वाऱ्याने उडू नये म्हणून कडांना बॅटन ठेवा. बोट दाबलं तर ठसा उमटत नाही अशी अवस्था आली की ओलं गोणपाट किंवा आळी करून पाणी भरा. आयएस ४५६ प्रमाणे साध्या ओपीसी सिमेंटला किमान ७ दिवस पाणी; कोरड्या-गरम हवेत किमान १०; आणि पीपीसीसारखं मिश्र सिमेंट असेल तर १४ दिवसांपर्यंत न्यावं. दुकानात आज बहुतेक पीपीसीच मिळतं, म्हणजे तुमचा आकडा १४ धरा. फोनमध्ये दिवसातून तीन अलार्म लावा, सकाळी फक्त एकदा पाणी मारलं तर पुण्याच्या उन्हात ते अकरापर्यंत संपतं.

मे महिन्यात पाणी आणायचं कुठून, हाही प्रश्नच. पिण्याच्या पाण्याचा टँकर स्लॅबवर ओतायला कुणालाच बरं वाटत नाही. महापालिकेचं सांडपाणी प्रक्रिया केंद्रातलं पाणी बांधकामाला वापरतात. ते काँक्रीटमध्ये मिसळायचं असेल तर आधी तपासून घ्यावं लागतं, आयएस ४५६ मध्ये पाण्याचा पीएच ६ च्या खाली चालत नाही आणि क्लोराइडलाही मर्यादा आहे.

साइटवर फोन घेऊन उभे असाल तर हे टिपा

गाडीच्या चलनाचा फोटो काढा. त्यावर माल भरल्याची वेळ असते. गाडी रिकामी झाल्याची वेळ तुम्ही लिहा. स्लम्प तुमच्या समोर घ्यायला सांगा, आणि तो चलनावरच्या आकड्याशी जुळतो का बघा. मानकात २५ मिलिमीटर किंवा ठरलेल्या स्लम्पचा एक तृतीयांश, यातलं जे कमी असेल तेवढाच फरक चालतो. तापमान घ्यायचं तर काटा मालात खुपसणारा थर्मामीटर हवा. लेझरची गन फक्त वरच्या कातडीचं तापमान दाखवते, आणि उन्हात ती कातडी खोटं बोलते.

मग प्लांटकडून त्या गाडीचा बॅच रिपोर्ट मागा. हल्ली पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर येतो. त्यात प्रत्येक रकान्यात दोन आकडे असतात, ठरलेलं वजन आणि प्रत्यक्ष पडलेलं वजन. सिमेंटचा रकाना सगळेच बघतात. तुम्ही पाण्याचा बघा. बर्फ घातला असेल तर तो वेगळा दाखवलेला असतो, तो त्यात मिळवा. वाळूत आधीच असलेल्या ओलाव्याइतकं पाणी कमी केलेलं दिसेल, ते बरोबरच आहे. या बेरजेत होज पाइपचं पाणी मात्र कुठेच येत नाही. ते त्या दिवशी गाडीजवळ जो उभा होता, त्यालाच माहीत असतं.